प्लांट की नॉक: नेटवर्कमधली पहिली नोकरी निवडताना

माझ्या भाचीकडे सध्या दोन ऑफर लेटर आहेत. एक चाकण एमआयडीसीतल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं. पद ज्युनिअर नेटवर्क ॲडमिन. दुसरं ऐरोलीतल्या एका सर्व्हिस कंपनीचं. पद नॉक इंजिनिअर. नॉक म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर, जिथे बसून दुसऱ्या कंपन्यांची नेटवर्कं चोवीस तास सांभाळली जातात. ऐरोलीचा पगार महिन्याला तीन हजारांनी जास्त आहे. "आत्या, दोन्हीकडे नेटवर्कच आहे ना? मग ऐरोली घेते," असं ती फोनवर म्हणाली.

राउटर तेच, स्विच तेच, आयपी ॲड्रेसचं गणितही तेच. पण कामं अगदी वेगळ्या धाटणीची आहेत, आणि पहिली दोन-तीन वर्षं कुठे जातात त्यावर पुढची दहा ठरतात, असं माझं ठाम मत आहे. मी दोन्ही केली आहेत. २००८ मध्ये पुण्यातल्या एका हॉस्पिटलात रेसिडेंट इंजिनिअर म्हणून लागले, २०११ ते २०१६ नवी मुंबईत नॉकमध्ये होते आणि तेव्हापासून कारखान्यात आहे. निकाल लागले की हाच प्रश्न दरवर्षी चार-पाच जण विचारतात, म्हणून तिला जे फोनवर सांगितलं ते इथे नीट लिहून काढतेय.

दिवस कसा जातो

कारखान्यात "नेटवर्क" हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. फोन येतो तो असा: "मॅडम, डिस्पॅचला स्कॅनर चालत नाही." "गेटवरचा वजनकाटा पावती काढेना." "एसएपी नुसतं गोल फिरतंय." (एसएपी म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर.) यातलं नेटवर्कचं किती आणि दुसऱ्याचं किती हे शोधणं हेच निम्मं काम. कधी स्विचचा पोर्ट गेलेला असतो, कधी फोर्कलिफ्टने केबल ट्रे ठोकलेला असतो, कधी प्रिंटरमधला कागद संपलेला असतो. शॉप फ्लोअरवरची धूळ तेलकट असते, ती स्विचच्या पंख्यात जाऊन बसते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखालचा रॅक हाताला चटका देतो. केबल ओढून घेणं, पॉइंट पंच करणं, फायरवॉलची पॉलिसी लिहिणं, इंटरनेटवाल्याच्या मागे लागणं, एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण, सीसीटीव्हीचं स्टोरेज, सगळं एकाच माणसाकडे. फार तर दोन माणसांकडे.

नॉकमध्ये भिंतभर स्क्रीन आणि प्रत्येकाच्या टेबलावर दोन मॉनिटर. सोलरविंड्स किंवा झॅबिक्ससारख्या टूलवर एखादी लिंक लाल झाली की तिकीट उघडतं आणि तिकिटावर घड्याळ सुरू होतं. मोठा बिघाड असेल तर ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्यांचा एकत्र फोन, लागतो. त्यावर क्लायंटचा माणूस, टेलिकॉमवाला, आपला एल-टू (बिघाड आधी एल-वनकडे येतो, अवघड असेल तर वरच्या पायरीच्या एल-टूकडे जातो). तुम्ही लॉग वाचता, टेलिकॉम कंपनीकडून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेता, ठरल्या वेळेला अपडेटचा मेल टाकता. शाखेची लिंक जेसीबीने फायबर तोडल्यामुळे गेली, हे तुम्हाला फोनवर कळतं. तो खड्डा तुम्ही कधी बघत नाही. शिफ्ट संपली की हँडओव्हर लिहायचा आणि निघायचं. निघाल्यावर फोन वाजत नाही. ही सोय केवढी मोठी होती ते मला कारखान्यात आल्यावर कळलं, पहिल्याच महिन्यात, भावाच्या घरी जेवायला बसले असताना.

हात कुठे तयार होतो, डोळा कुठे

२०१७ ची मार्चअखेर. कारखान्यात मार्चअखेर काय असते ते तिथे राबलेल्यालाच ठाऊक. संध्याकाळी पाचच्या सुमारास आधी डिस्पॅचचे स्कॅनर थांबले, मग स्टोअर्सचे, मग ऑफिसातले आयपी फोन. गेटच्या आत अकरा ट्रक माल भरायला उभे. सर्व्हर रूमचं दार उघडून रॅककडे बघितलं आणि पोटात गोळा आला. एरवी स्विचचे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. त्या दिवशी सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकाच ठेक्यावर पेटत-विझत होते.

असं दिसलं की समजायचं, कुठेतरी लूप झालाय. एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना धाडलेला निरोप, गोल गोल फिरत राहतो, त्याच्या प्रतीवर प्रती निघतात आणि बाकीच्यांना रस्ता उरत नाही. कोअर (मुख्य) स्विचला कन्सोल केबल लावली, तर टाइप केलेलं अक्षर उमटायला पाच-पाच सेकंद लागत होते. शेवटी हाताने एकेक अपलिंक (दुसऱ्या स्विचकडे जाणारी केबल) उपसायला सुरुवात केली. पाचवी केबल क्वालिटी लॅबची. ती काढली आणि दिवे एकदम शांत झाले. लॅबमध्ये जाऊन वाकून बघितलं, तर एका टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा स्विच होता. साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळणारी पॅच कॉर्ड त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचली होती. एकाच दोरीची दोन्ही टोकं एकाच डब्यात. चाळीस मिनिटं माल हलला नव्हता.

खोचणाऱ्याला मी दोष देत नाही. लॅबकडे जाणाऱ्या त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (लूपपासून वाचवणारी सेटिंग) हवा होता. तो असता तर स्विचने स्वतःच तो पोर्ट बंद केला असता आणि फक्त लॅबचं टेबल बंद पडलं असतं. तो लावायचं काम माझं होतं. त्या रात्री साडेअकरापर्यंत बसून प्रत्येक ॲक्सेस पोर्टवर (जिथे कॉम्प्युटर, प्रिंटर जोडतात) ती ओळ टाकली. (लूप रोखणारा स्पॅनिंग ट्री हा मूळ प्रोटोकॉल १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन या बाईंनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना तयार केला. हे नाव मी भाचीला मुद्दाम दोनदा सांगितलं.)

यात नॉकचा वाटा कुठे, तर दिवे बघितल्या क्षणी मला "लूप" हा शब्द सुचला त्यात. आधीच्या पाच वर्षांत वेगवेगळ्या क्लायंटच्या लॉगमध्ये "एकच मॅक ॲड्रेस दोन पोर्टवर उड्या मारतोय" (मॅक ॲड्रेस म्हणजे प्रत्येक यंत्राचा स्वतःचा पत्ता) ही ओळ मी इतक्यांदा वाचली होती की रोग पाठ झाला होता. कारखान्यात असा प्रसंग दोन वर्षांतून एकदा येतो. नॉकमध्ये शंभर साइटचे बिघाड तुमच्या डोळ्यांखालून जातात. डोळा नॉकमध्ये तयार होतो. पण कुठली केबल उपसायची आणि ती उपसायची हिंमत कुठून आणायची, हे नॉकने शिकवलं नव्हतं. तिथे केबल उपसणारा नेहमी दुसराच असतो.

दुसरा प्रसंग नॉकमधला. २०१३, रात्री दीडची चेंज विंडो, म्हणजे बदल करायला ठरवून दिलेली वेळ. एका क्लायंटच्या दूरच्या गोदामात नवा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) द्यायचा होता. ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या) आधीचे सहा व्हीलॅन चालू होते, सातवा जोडायचा. कमांडमध्ये व्हीलॅनच्या नंबराआधी "ॲड" हा शब्द लागतो. तो मी टाकला नाही. "ॲड" नसेल तर सिस्कोचा स्विच समजतो की आता एवढा एकच व्हीलॅन ठेवायचा आहे, आणि जुने सहाही काढून टाकतो. त्या सहांत मॅनेजमेंटचाही होता, म्हणजे ज्या वाटेने मी आत शिरले होते ती वाटच मी कापली. स्क्रीन गोठली. गोदामात रात्री फक्त सिक्युरिटी गार्ड. त्या भल्या माणसाला फोनवर रॅक, रॅकमधला वरून तिसरा डबा, डब्यामागची काळी वायर असं करत करत स्विच बंद-चालू करायला लावला. कॉन्फिगरेशन सेव्ह केलेलं नव्हतं म्हणून जुनं परत आलं. पन्नास मिनिटं गेली.

त्यानंतर दूरच्या डब्यात हात घालण्याआधी मी "रीलोड इन १०" टाकल्याशिवाय राहिले नाही. दहा मिनिटांत मी ते रद्द केलं नाही, तर डबा आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतो. हीच चूक अवाढव्य आकारात ४ ऑक्टोबर २०२१ ला जगाने पाहिली. देखभालीच्या कामातल्या एका कमांडमुळे फेसबुकचं आतलं जाळं तुटलं, बाहेरच्या इंटरनेटला त्यांचा पत्ता सापडेना आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले. दुरुस्तीला जाणाऱ्या इंजिनिअरांचीही वाट अडली, कारण त्यांची आतली साधनं त्याच जाळ्यावर चालत होती.

नॉकने मला त्या चुकीनंतर जे दिलं ते कारखान्याने कधीच दिलं नसतं: शिस्त. चेंज करण्याआधी प्रत्येक कमांड लिहून काढायची, दुसऱ्याने ती वाचायची, परतीची वाट लिहायची, मंजुरी घ्यायची, आणि काम झाल्यावर काय तपासलं ते नोंदवायचं. कारखान्यात तुमच्या चुका वाचणारं कुणी नसतं. एकट्याने काम करणारा ॲडमिन दहा वर्षांत चांगल्या सवयी लावून घेतो किंवा दहा वर्षं त्याच वाईट सवयी घोटत राहतो, आणि त्याला सांगायला कुणी येत नाही.

डब्यात हात घालायला कधी मिळतो

या दोन नोकऱ्यांतला खरा फरक मी इथे मानते, पगारात नाही. नॉकमध्ये एल-वनला बहुतेक ठिकाणी फक्त वाचायची परवानगी असते. "शो" ने सुरू होणाऱ्या कमांड चालतात, "कॉन्फिगर" चालत नाही. मला दीड वर्षाने लिहायची परवानगी मिळाली आणि मी स्वतःला नशीबवान समजते. माझ्याबरोबर लागलेले दोघे तीन वर्षांनंतरही अलार्म बघून तिकीट पुढे ढकलत होते. तीन वर्षांचा अनुभव कागदावर दिसतो, पण मुलाखतीत "शेवटचा व्हीलॅन स्वतः कधी बनवलास?" असं विचारलं की माणूस गप्प होतो.

दुसरी गोष्ट, अलार्म बघून तिकीट उघडणं हे काम आता टूल स्वतःच करतात. लिंक पडली, तिकीट उघडलं, टेलिकॉमला मेल गेला, लिंक आली, तिकीट बंद झालं. मध्ये माणूस नाहीच. त्यामुळे नुसत्या एल-वनची खुर्ची पहिल्याइतकी पक्की राहिलेली नाही. नॉक घ्यायचं तर तिथून दीड-दोन वर्षांत वर चढायचंच, असं ठरवून घ्यायला हवं.

कारखान्यात पहिल्या आठवड्यात ॲडमिनचा पासवर्ड हातात पडतो. हे चांगलं आणि तितकंच धोक्याचं. सांभाळणारा सीनिअर असेल तर सोनं, नसेल तर सुरुवातीचे सहा महिने जीव मुठीत धरून काढावे लागतात. आमच्याकडे मी यायच्या आधी डिस्पॅच शेडपर्यंत कॅट-सिक्स केबल तब्बल १३० मीटर ओढली होती, मध्ये कपलर टाकून. तांब्याच्या केबलची मर्यादा पॅच कॉर्ड धरून १०० मीटर. लिंक यायची, पण रडत यायची, आणि "वायफाय खराब आहे" म्हणून दोन वर्षं ॲक्सेस पॉइंट बदलत राहिले होते. फायबर टाकली आणि तक्रार थांबली. असं शहाणपण फक्त टेप घेऊन शेडमध्ये चालणाऱ्याला मिळतं.

रात्र, घर आणि बायका

नॉकचं रोस्टर फिरतं असतं. अमेरिकेचा क्लायंट असेल तर रात्रपाळी हीच मुख्य पाळी, कारण न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागे आहे. शरीराला दर आठवड्याला पाळी बदलणं झेपत नाही. माझं पित्त आणि झोप दोन्ही तिथेच बिघडलं. मुलाखतीतच विचारा, पाळी आठवड्याने फिरते की महिन्याने. महिन्याने फिरत असेल तर कितीतरी सुसह्य होतं.

मुलींनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय कंपनीने करायची असते. कॅब ही मेहरबानी नाही. ती दारापर्यंत येते की हायवेवर सोडते, हे ऑफर घेण्याआधी विचारून घ्यावं आणि जमल्यास लेखी घ्यावं.

कारखान्यात रोजची रात्रपाळी नाही, पण मोठी कामं रविवारी आणि दिवाळीच्या शटडाऊनमध्येच निघतात. स्विच बदलायचा, फायरवॉल अपग्रेड करायची, तर प्रॉडक्शन बंद असतानाच. गेल्या नऊ-दहा वर्षांत एकदाच मी नरकचतुर्दशीला पहाटे घरी होते. आणि शॉप फ्लोअरवर शिडीवर चढलेली बाई बघून सुरुवातीला "मॅडम, तुम्ही राहू द्या, पोराला पाठवतो" ऐकावं लागतं. चांगल्या मनाने म्हणतात, पण पोराला पाठवत राहिलं तर काम पोरगा शिकतो. मी शिडी सोडली नाही.

पैसे, आणि पगार कोण देणार

पहिल्या दोन वर्षांत नॉक थोडं पुढे असतं, मुख्यतः शिफ्ट अलाउन्समुळे. तो पगारात धरून हिशेब करू नका. दिवसपाळीत बदली झाली की तो जातो, आणि तेवढ्यात घेतलेला हप्ता राहतो. पुढे नॉकमधून मोठ्या कंपन्यांत जायचे रस्ते जास्त आहेत: एल-टू, एल-थ्री, मग डिझाइन किंवा सिक्युरिटी. कारखान्यात वर चढायला पायऱ्याच कमी. आयटी मॅनेजर एकच असतो आणि तो निवृत्त होईपर्यंत वाट बघावी लागते, नाहीतर कारखाना बदलावा लागतो. पैसा हाच मुख्य मुद्दा असेल तर पाच वर्षांच्या टप्प्यावर नॉकची वाट सरस ठरते, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण आधी ऑफर लेटरचा माथा नीट वाचा. "कारखान्यात नोकरी" म्हणून सांगितली जाणारी कितीतरी पदं कारखान्याच्या पे-रोलवर नसतात. एफएमएसचं (आयटी सांभाळायच्या सेवेचं) कंत्राट घेतलेल्या तिसऱ्याच कंपनीकडून तुम्ही तिथे बसवलेले असता. हॉस्पिटलात मी अशीच होते. ओळखपत्र हॉस्पिटलचं, पगार दुसऱ्याचा, तोही दहा-बारा तारखेला. कंत्राट बदललं की एका रात्रीत नवी कंपनी, ग्रॅच्युइटीची वर्षं पुन्हा शून्यापासून. काम मात्र मी तिथे पोटभर शिकले, म्हणून एफएमएसला सरसकट वाईट म्हणणार नाही. दोन वर्षांची शिदोरी म्हणून घ्या, पाच वर्षं काढू नका. भाचीची चाकणची ऑफर कंपनीच्या पे-रोलवर आहे, आणि माझ्या हिशेबात ते तीन हजारांहून मोठं आहे. बॉण्ड मागत असतील, मूळ मार्कशीट ठेवून घेत असतील, तर दोन्हीपैकी कुठलीही ऑफर असो, परत यावं.

आणखी दोन दारं

तालुक्याच्या गावात राहायचं असेल तर तिथल्या इंटरनेटवाल्याकडे दुर्लक्ष करू नका. कालपर्यंत केबल टीव्ही चालवणारे आज घरोघर फायबर देतात, आणि त्यांना ओएलटी (सगळ्या घरांचं फायबर जिथे येतं ते यंत्र), मायक्रोटिक कंपनीचे राउटर आणि स्प्लायसिंग (फायबर जोडणं) कळणारा माणूस मिळत नाही. "लाल लाईट लागलीय" असा फोन आला की खांबापासून घरापर्यंत पॉवर मीटर लावून प्रकाश किती पोचतो ते मोजत जायचं. घरात मायनस वीस-बावीस आला तर बरं, मायनस सत्तावीसच्या पलीकडे गेला की लाल लाईट आलीच. पावसाळ्यात काम हाडं मोडतं, पगार थोडा, सुट्टीचा पत्ता नाही. पण गावातल्या हजार घरांचं राउटिंग वयाच्या तेविसाव्या वर्षी एकट्याच्या हातात येतं, असं दुसरीकडे कुठे होत नाही. सांगली-कोल्हापूरकडचे माझ्या ओळखीचे दोन मुलगे याच वाटेने आज स्वतःचा परवाना काढून बसलेत.

क्लाउडचं मात्र फ्रेशरांनी पहिलं दार म्हणून फार मनावर घेऊ नये, असं मला वाटतं. मायक्रोसॉफ्टची पुण्याची रिजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१५ पासून आहे, ॲमेझॉनची मुंबईची २०१६ पासून. काम भरपूर आहे. पण क्लाउडमध्येही सबनेट, राउट टेबल, फायरवॉलचे नियम हेच असतं, फक्त डबे दिसत नाहीत. एका शाखेत १९२.१६८.१.० हे पत्ते आणि दुसऱ्या शाखेतही तेच, मग दोघांना व्हीपीएनने जोडलं तर काय होईल, हे ज्याला कागदावर सांगता येतं त्याला क्लाउड तीन महिन्यांत येतं. ज्याला येत नाही तो नुसती बटणं शोधत बसतो.

ज्यांना मुळात प्रोग्रामिंग आवडतं आणि "आयटीत जागा नाहीत म्हणून नेटवर्क" असा विचार आहे, त्यांनी इकडे येऊच नये. इथे कामाचं कौतुक होत नाही. सगळं सुरळीत असलं की आपण कुणाला दिसतही नाही, आणि हे सोसायला काम मनापासून आवडावं लागतं. थोडं पायथन मात्र शिकाच. चाळीस स्विचवर एकच ओळ टाकायला मला २०१७ मध्ये रात्र लागली होती. आज तीच ओळ ॲन्सिबल या टूलने दहा मिनिटांत जाते.

अभ्यासाचं

दोन्ही वाटांना सीसीएनए ही सिस्कोची परीक्षा पुरते. सध्याचा पेपर २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर, मुदत तीन वर्षं. आधी कुठलीही परीक्षा दिलेली लागत नाही. पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क बांधून बघायचं सॉफ्टवेअर) सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं काढलं की फुकट मिळतो, केबलमधून काय जातंय ते दाखवणारं वायरशार्कही फुकट. एवढ्यावर पास होता येतं. डंप (फुटलेले प्रश्न) पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. "तुझ्या लॅपटॉपवर वेबसाइट उघडली नाही तर आधी काय बघशील?" एवढाच प्रश्न मी विचारते. जो केबलपासून सुरुवात करून आयपी, गेटवे, डीएनएस असा चढत जातो, तो मला चालतो, सर्टिफिकेट नसलं तरी.

आयटीआयची मुलं कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड करून येतात, आणि त्यांचा क्रिम्पिंगचा (केबलला टोक बसवायचा) हात इंजिनिअरांपेक्षा चांगला असतो. पदवीनंतर सहा महिने झोकून देता येत असतील तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा डिटिस हा डिप्लोमा चांगला. नेटवर्क, लिनक्स आणि सिक्युरिटी एकत्र होतं. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. "शंभर टक्के जॉब गॅरंटी" लिहिलेल्या क्लासात पन्नास हजार भरण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचा एखादा जुना २९६० स्विच घ्या, घरी आणून उघडा, बिघडवा, पुन्हा उभा करा.

आणि सिक्युरिटीकडे एक डोळा ठेवा, कारखान्यात असलात तरी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानंतर कुठल्याही कंपनीला सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हे लॉग जपणारा, घड्याळं जुळवणारा माणूस म्हणजे नेटवर्क ॲडमिनच.

भाचीला मी चाकण सुचवलंय. दोन वर्षं डब्यात हात घाल, मग वाटलं तर सरळ एल-टू म्हणून नॉकमध्ये जा, असं. तिच्या जागी घराला ताबडतोब पैशांची गरज असलेली मुलगी असती, किंवा एकटीने जबाबदारी घ्यायला बिचकणारी असती, तर ऐरोली सांगितलं असतं, फक्त लिहायची परवानगी कधी मिळते ते विचारून. तिने दोन्हीकडे ते विचारलं. ऐरोलीच्या एचआरने "मॅनेजरना विचारून कळवतो" म्हटलंय. चाकणवाल्यांनी तिला शनिवारी सर्व्हर रूम बघायलाच बोलावलंय. मी तिला सांगितलंय, पुढून चकचकीत दिसणाऱ्या रॅकवर जाऊ नकोस, आधी मागे जा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल आहे का बघ, यूपीएसच्या बॅटरीवर शेवटची तारीख कुठली लिहिलीय ती वाच, आणि एसी बंद पडला तर कुणाला फोन जातो ते तिथल्या माणसाला विचार.